शिकागो ते माउंट रशमोर: मक्याच्या रानातल्या गावांत थांबण्यासारखं काय आहे?

मृण्मयी_नेपरव्हिल

नमस्कार मंडळी,

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गाडीने माउंट रशमोरला (डोंगरात कोरलेले अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे चेहरे) जायचं ठरतंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि जालन्याहून आलेले माझे आई-बाबा. जाताना आय-९० महामार्गाने विस्कॉन्सिन, मिनेसोटा, साउथ डकोटा. येताना खाली नेब्रास्कात उतरून आय-८०ने आयोवातून परत. हाताशी नऊ दिवस आहेत.

ज्याला विचारावं तो एकच सांगतो, "मधे काही नाही, नुसता मका आहे. गाडी हाणा आणि पोचा." अडचण अशी की माझ्या बाबांना तो नुसता मकाच बघायचाय! त्यांनी बेचाळीस वर्षं शेती केली, त्यातली पंधरा वर्षं बियाणे कंपनीसाठी कपाशीच्या क्रॉसिंगचे (संकरित बियाण्याचे) प्लॉट घेतले. शिकागोच्या उंच इमारती त्यांनी कौतुकाने पाहिल्या, पण आमच्या वस्तीच्या कडेला जे एक शेत उरलंय ना, तिथे रोज संध्याकाळी जाऊन उभे राहतात. परवा मुठीत माती घेऊन आले आणि ओट्यावर वर्तमानपत्रावर पसरून आईला दाखवत होते, "बघ, किती काळी आहे."

तर वाटेतल्या छोट्या गावांत थांबावं असं काय आहे? आईचे गुडघे दुखतात, घरात सगळे शाकाहारी, आणि दर दोन तासांनी स्वच्छ स्वच्छतागृह लागतं. मुलाला काहीही मोठ्ठं दिसलं की आनंद होतो.

बंड्या७७

मुलाची सोय झाली म्हणून समजा. त्या भागात सगळंच मोठ्ठं आहे. आयोवातल्या ऑडुबॉन गावात तीस फुटी काँक्रीटचा बैल आहे, नाव अल्बर्ट. मिनेसोटात ब्लू अर्थला आय-९०च्या अगदी कडेला साडेपंचावन्न फुटी हिरवा राक्षस उभा आहे, डब्यातल्या मटारच्या ब्रँडचा. त्याच्या दोन पायांमधून फोटो काढायचा असतो.

गाडीवान

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी हा रस्ता सहा वेळा केलाय. काँक्रीटचे बैल आणि राक्षस पाच मिनिटांत बघून होतात, पण महामार्गावरून उतरणं, गाव शोधणं, परत चढणं यात प्रत्येकी पाऊण तास जातो. बरोबर म्हातारी माणसं आहेत. शिकागो ते साउथ डकोटातलं मिचेल हेच सहाशेच्या वर मैल आहे. त्यापेक्षा विमानाने रॅपिड सिटीला जा, तिथे गाडी घ्या आणि वाचलेले चार दिवस बॅडलँड्सच्या खडकाळ दऱ्यांना आणि ब्लॅक हिल्सच्या डोंगरांना द्या. आई-बाबा पुन्हा कधी येतील सांगता येत नाही, म्हणून म्हणतो.

डेमॉइनकर

गाडीवान, तुमची कळकळ कळली, पण अजिबात सहमत नाही. चौदा वर्षं आयोवात राहतोय. एका शेतकऱ्याला विमानाने आयोवावरून उडवत न्यायचं म्हणजे वारकऱ्याला पंढरपूर बायपासने नेण्यासारखं आहे.

मृण्मयीताई, येतानाच्या वाटेसाठी माझी पहिली शिफारस एल्क हॉर्न. आय-८०पासून उत्तरेला सात-आठ मैल, वस्ती सहा-सातशेची. तिथे डेन्मार्कमध्ये १८४८ साली बांधलेली खरीखुरी पवनचक्की आहे. गाव डॅनिश लोकांनी वसवलेलं. १९७६ साली त्यांनी ती चक्की डेन्मार्कहून सुटी करून आणवली. प्रत्येक तुळईवर आकडा घातला होता, आणि गावकऱ्यांनी ती स्वतः राबून पुन्हा उभी केली. आत चढून लाकडी दाते बघता येतात. धावेला लाकडाचे दात बसवलेत असं एक मोठं चाक, त्यात अडकणारं दुसरं, आणि खाली जात्याची तळी. जातं म्हणजे काय हे आपल्या बाबांना कुणी समजावून सांगायला नको.

जिने उभे आहेत, आई खालीच बसल्या तर बरं. दुकान आणि बाकं खाली आहेत.

सुमेधा_के

जाताना मिचेलचं कॉर्न पॅलेस चुकवू नकोस! साउथ डकोटात, आय-९०वरच. पहिला १८९२ साली बांधला, आताची इमारत १९२१ची. बाहेरच्या भिंतींवर मोठमोठी चित्रं असतात, ती रंगाने काढलेली नसतात. मक्याची कणसं उभी चिरून खिळ्यांनी ठोकलेली असतात! लाल, निळा, काळपट, पांढरा, पिवळा, तपकिरी, असे डझनभर नैसर्गिक रंग. कडांना गवत आणि धान्याच्या पेंढ्या. चित्रं नव्या विषयावर पुन्हा केली जातात, म्हणून जुनी उतरवून नवी चढवण्याचं काम उन्हाळ्यात सुरू असतं. आम्ही गेलो तेव्हा अर्धी भिंत नुसत्या काळ्या आखणीची होती, आणि कुठल्या भागात कुठला रंग लावायचा हे त्यावर लिहिलेलं होतं. मला पुऱ्या भिंतीपेक्षा ती अर्धी भिंतच जास्त आवडली. प्रवेश फुकट.

आपल्याकडे धान्याची रांगोळी काढतात, तशीच पण तीन मजली उंच समज.

पिंपळपान

कॉर्न पॅलेसबद्दल एक भर. १९४८ ते १९७१ या काळात तिथल्या चित्रांचे आराखडे ऑस्कर हाउ यांनी केले. ते डकोटा या मूलनिवासी जमातीतले, आधुनिक अमेरिकन चित्रकलेतलं महत्त्वाचं नाव.

आणि मिचेलमध्येच, तळ्याच्या काठी, हजारेक वर्षांपूर्वीच्या एका गावाचं उत्खनन आहे. वरून घुमट बांधलाय, उन्हाळ्यात पुरातत्त्वाचे विद्यार्थी तिथे खाली बसून ब्रशने माती झाडत असतात आणि आपण वरून बघतो. ती माणसं तिथे मका पिकवत होती. हे मुद्दाम सांगते, कारण या सगळ्या प्रवासात आपल्याला "शेतकऱ्यांनी माळरान वसवलं" असंच ऐकवलं जातं. १८६२चा होमस्टेड कायदा झाला, १६० एकर जमीन नाममात्र शुल्कात वाटली गेली, हे खरं. पण ती जमीन रिकामी नव्हती. ब्लॅक हिल्स तर लाकोटा या मूलनिवासींची, करारानेसुद्धा. मुलाला नऊ वर्षांचं वय पुरेसं आहे हे सांगायला.

बंड्या७७

पिंपळपान, मोदक (म्हणजे अनुमोदन). हे ठाऊक नव्हतं. दोनदा मिचेलला जाऊन फक्त पॉपकॉर्न खाऊन आलो.

लिमये_काकू

मी व्हिजिटर म्हणून तीन वेळा आले आहे, म्हणून ज्येष्ठांच्या बाजूने लिहिते. आम्हाला मोठं काही दाखवू नका, बसायला जागा द्या आणि माणसं दाखवा. विस्कॉन्सिनमध्ये मन्रो नावाचं गाव आहे, तिथे माझ्या लेकाने मला चीजच्या कारखान्याच्या दुकानात नेलं. ताजं चीज कर्ड दिलं, चावलं की दातांत चक्क किरकिर वाजतं! लेक म्हणाला, आई, वाजलं म्हणजे ताजं. दुसऱ्या दिवशी वाजत नाही. तिथल्या बाईंनी मला काचेतून दूध फाटवण्याची मोठी टाकी दाखवली. मी तिला खुणेनेच सांगितलं, आमच्याकडे खरवस करतात. तिला किती कळलं देव जाणे, पण तिने माझा हात हातात घेतला.

शाकाहाराचं म्हणशील तर छोट्या गावातल्या डायनरमध्ये ग्रिल्ड चीज, भाजलेला बटाटा आणि पाय (सारण भरलेला गोड भाजका पदार्थ) मिळतोच. रूबार्बच्या आंबट देठांचा पाय खा, आंबटगोड असतो, कैरीच्या मुरांब्याची आठवण येते. सूप मात्र विचारून घ्या, बहुतेक वेळा मांसाच्या पाण्यातलं असतं. आणि जवळ मेतकूट ठेवा.

गाडीवान

काकू, मन्रो मान्य. तो तासाभराचा थांबा आहे आणि पोटाशी संबंधित आहे.

अण्णा_ओमाहा

धागा वाचतोय. मी १९८१ साली नेब्रास्कात शिकायला आलो आणि इथलाच झालो, म्हणून दोन शब्द.

लोक विचारतात, या गावांनी एवढे बैल, गाई, राक्षस का उभारले? याचं उत्तर रस्त्यात आहे. आधी रस्ते गावातून जायचे. १९५६ साली आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि पुढच्या वीस वर्षांत वाहतूक गावाबाहेरून धावायला लागली. गावात कॉफी प्यायला थांबणारा माणूस दोन मैलांवरून, ताशी सत्तर मैलांनी निघून जाऊ लागला. मग त्याला हाक मारायची कशी? काहीतरी उंच उभारून. त्यात १९८०च्या दशकात शेतीवर मोठं संकट आलं. जमिनीचे भाव कोसळले, कर्जापायी शेतं लिलावात गेली. मी ते लिलाव डोळ्यांनी पाहिलेत. अंगणात ट्रॅक्टर, नांगर, मुलांची सायकल मांडलेली, आणि शेजारी हातात टोपी घेऊन गप्प उभे.

त्याच काळातलं नॉर्थ डकोटाचं उदाहरण बघा. गॅरी ग्रेफ नावाच्या शिक्षकाने आपलं रीजेंट गाव ओस पडताना पाहिलं आणि १९८९ पासून महामार्ग ते गाव या बत्तीस मैलांच्या रस्त्यावर प्रचंड धातूची शिल्पं उभारायला घेतली. वेल्डिंग आधी येत नव्हतं, ते शिकला. टोळ, फेझंट पक्षी, उडणारे बदक-हंस. तुमच्या वाटेवर नाही ते, पण काँक्रीटच्या बैलाकडे बघताना हे डोक्यात असू द्या.

तुमच्या वाटेवर आहे ते अलायन्सचं कारहेंज. रशमोरहून नेब्रास्कात उतरताना तीन-एक तासांवर. जिम रेंडर्स यांनी वडिलांच्या आठवणीसाठी १९८७ साली, त्यांच्याच शेतात, ३९ जुन्या मोटारी उभ्या-आडव्या रचून स्टोनहेंजची, म्हणजे इंग्लंडमधल्या प्राचीन दगडी वर्तुळाची, प्रतिकृती केली. सगळं कुटुंब जमवून. वर्तुळाचा व्यास सुमारे ९६ फूट. गाड्या राखाडी रंगवल्यात. भर दुपारी जाऊ नका. संध्याकाळी आठच्या सुमाराला जा, तेव्हा सावल्या लांब पडतात आणि चारी बाजूंना फक्त गवताचा आवाज असतो.

रानवारा

अण्णा, छान लिहिलंत. मी कॅन्ससमध्ये कृषी संशोधनात आहे. मृण्मयी, हे तुझ्या वाटेवर नाही, पण शेतकरी वडील म्हटल्यावर राहवत नाही म्हणून लिहितो.

ग्रीन्सबर्ग, कॅन्सस. इथे हाताने खोदलेली विहीर आहे. १८८७-८८ साली खणली. खोली १०९ फूट, व्यास ३२ फूट, आतून दगडाने बांधलेली. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना आणि गावाला पाणी हवं होतं, म्हणून. कुदळ, फावडं, दोर आणि बैलगाडीसारख्या वॅगनी, बस. १९३२ पर्यंत गाव तिचं पाणी प्यायलं. ४ मे २००७ च्या रात्री टॉर्नेडोने गावाचा जवळजवळ ९५ टक्के भाग भुईसपाट केला. वर काही राहिलं नाही, विहीर राहिली. नंतर तिच्यावर नवं संग्रहालय बांधलं, आत वळणाचा जिना आहे.

माझे वडील आले होते तेव्हा त्यांना नेलं. ते साताऱ्याकडचे, लिंबची बारा मोटेची विहीर बघतच मोठे झाले. कठड्याला हात लावून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "माती वर कशी काढली?" दुसरा, "पाणी किती परसाला लागलं?" (परस म्हणजे पुरुषभर खोली.) तिथल्या स्वयंसेवक आजोबांना मी भाषांतर करून सांगितलं. ते म्हणाले, इतक्या वर्षांत लोक विचारतात की तळाशी नाणी किती पडली असतील. हा प्रश्न मी विहिरी खणणाऱ्याच्या तोंडूनच ऐकला होता. मग दोघं अर्धा तास बोलत बसले. मी मधे पुरा घामाघूम, कारण "झरा फुटला"ला इंग्रजीत काय म्हणावं तेच सुचेना.

लिमये_काकू

रानवारा, डोळ्यांत पाणी आलं.

बंड्या७७

कॅन्सस निघालंच आहे तर कॉकर सिटीचा सुतळीचा गोळा! फ्रँक स्टोबर या शेतकऱ्याने १९५३ साली गवताच्या गठ्ठ्यांची उरलेली सुतळी गुंडाळायला सुरुवात केली, ती गाव अजून गुंडाळतंय. दर ऑगस्टमध्ये सार्वजनिक गुंडाळणी असते. आपणही जाऊन आपला तुकडा गुंडाळायचा. जगातला सर्वात मोठा.

चक्रधर_मिनेसोटा

हरकत! सर्वात मोठा गोळा मिनेसोटातल्या डार्विनचा. फ्रान्सिस जॉन्सन यांनी १९५० पासून २९ वर्षं एकट्याने गुंडाळला. बारा फूट व्यास, १७,४०० पौंड. गोळा फिरवायला शेवटी जॅक लावायचे. आता काचेच्या छोट्या देवघरासारख्या खोलीत ठेवलाय.

बंड्या७७

एकट्याने गुंडाळलेला सर्वात मोठा, हे मान्य. पण वजनात कॉकर सिटी पुढे आहे आणि रोज पुढे जातंय.

चक्रधर_मिनेसोटा

म्हणजे सार्वजनिक गणपती मोठा की घरचा, असा वाद झाला हा.

पिंपळपान

दोन्ही गावांना जाऊन आलेय. सुतळी घायपाताची आहे, जवळ गेलं की वास येतो, गवताच्या गंजीसारखा. कॉकर सिटीत फुटपाथवर सुतळीची रेघ रंगवलीय, ती धरून गावातून फिरता येतं. दुकानं बरीचशी बंद आहेत. त्यांच्या काचांमागे सुतळीचा गोळा घुसवून काढलेली प्रसिद्ध चित्रांची विडंबनं लावलीत. मला तो रिकामा रस्ता आणि ती चित्रं फार लागली मनाला. मोठा कुठला हे तिथे उभं राहिल्यावर विचारावंसं वाटत नाही.

गाडीवान

विषय भरकटतोय. ताईंना आय-९० आणि आय-८० हवाय. माझ्याकडून एक थांबा देतो, कारण सहापैकी सहा वेळा मी स्वतः तिथे थांबलोय: वॉल ड्रग, बॅडलँड्सच्या तोंडाशी. टेड हस्टेड यांनी १९३१ साली त्या एवढ्याशा गावातलं औषधाचं दुकान घेतलं. पाच वर्षं गिऱ्हाईक नाही. मग १९३६च्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी डोरोथी यांना सुचलं, हे धुळीतून रशमोरकडे जाणारे लोक तहानलेले आहेत, आपल्याकडे बर्फ आहे, फुकट गार पाण्याची पाटी लावू. पाटी लावून टेड परत येईपर्यंत दुकानात गर्दी होती. आजही पाणी फुकट, कॉफी पाच सेंट. पाट्या शेकडो मैल आधीपासून दिसतात.

लिमये_काकू

म्हणजे पाणपोईच की! बाईंचं डोकं बघा. पण गाडीवान, तुम्ही तर विमानाने जा म्हणाला होतात.

गाडीवान

काकू, हरलो.

डेमॉइनकर

गाडीवानांचं स्वागत. आता ताईंसाठी खास, आणि हे मी मुद्दाम राखून ठेवलं होतं.

डेमॉइन छोटं गाव नाही, पण तुमचे बाबा जालन्याचे. इथे नदीकाठी जुन्या ग्रंथालयाच्या दगडी इमारतीत वर्ल्ड फूड प्राइझचं दालन आहे. हा पुरस्कार आयोवाच्याच शेतकऱ्याच्या मुलाने, नॉर्मन बोरलॉग यांनी सुरू केला. तेच, मेक्सिकोचा बुटका गहू आपल्याकडे आणणारे, १९७०चं शांततेचं नोबेल. पहिला पुरस्कार १९८७ साली स्वामिनाथन यांना. आणि १९९८चा जालन्याच्या बद्रीनारायण बारवाल्यांना! ज्यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. बाबांनी प्लॉट कुणाचे घेतले होते ते मला माहीत नाही, पण हे नाव त्यांना माहीत नसेल असं होणार नाही. दालन ठरावीक दिवशीच उघडं असतं, आधी बघून या.

दुसरं: जुलै म्हणजे काउंटी फेअरचा, जिल्ह्याच्या जत्रेचा महिना. आयोवात ९९ काउंट्या, बहुतेकींच्या जत्रा याच महिन्यात. मोठ्या राज्यजत्रेला ऑगस्टपर्यंत थांबावं लागेल, पण छोटी जत्राच बाबांना आवडेल. दहा-बारा वर्षांची पोरं स्वतः वाढवलेली कालवड धुतात, तिचं अंग ब्रशने विंचरतात, ड्रायरने वाळवतात, आणि पांढरा शर्ट घालून तिला रिंगणात फिरवतात. परीक्षक माइकवरून प्रत्येक जनावराच्या पाठीचं, पायांचं बोलतात. पोळ्याला बैल सजवणाऱ्या माणसाला तिथे काहीच परकं वाटणार नाही.

तिसरं: डेमॉइनपासून आय-८० सोडा. १६३ नंबरच्या रस्त्याने पेला, तिथून ऑटम्वा, मग यूएस-३४ने बर्लिंग्टनकडे. पेला डच लोकांनी १८४७ साली वसवलं, तिथे बदामाचं सारण भरलेल्या इंग्रजी एस अक्षराच्या गोड पेस्ट्र्या मिळतात.

सुमेधा_के

त्याच वाटेवर एल्डन! ते चित्र आठवतं ना, गवत उचलायचा काटा घेतलेला टकलू शेतकरी आणि शेजारी बाई, मागे टोकदार कमानीची खिडकी? ग्रँट वुड यांनी १९३० साली काढलेलं 'अमेरिकन गॉथिक'. ते घर एल्डनमध्ये आहे, एवढंसं पांढरं. शेजारच्या केंद्रात एप्रन, कोट आणि गवताचा काटा फुकट वापरायला देतात, घालायचं आणि घरासमोर उभं राहायचं. गंमत म्हणजे चित्रातली माणसं त्या घरात राहणारी नव्हेत. बाई म्हणजे चित्रकाराची बहीण, पुरुष म्हणजे त्यांचे दातांचे डॉक्टर.

चक्रधर_मिनेसोटा

आणि एल्डनपासून अर्ध्या तासावर फेअरफील्ड. महर्षी महेश योगींच्या संस्थेने १९७४ साली तिथलं बंद पडलेलं कॉलेज घेतलं. शेजारी महर्षी वेदिक सिटी नावाचं गावच आहे, घरांची दारं पूर्वेला आणि छपरांवर सोनेरी कळस. मक्याच्या मधोमध कळस दिसल्यावर माझी आई गाडीतच हात जोडून मोकळी झाली.

शाकाहारी जेवणाचीही चिंता नाही तिथे.

रानवारा

एक सूचना. बाबांना सांगून ठेव की दिसणारा बहुतेक मका खायचा नाही. डेंट मका आहे, दाण्याला वरून खळगा पडतो तो. जनावरांना आणि इथेनॉलला जातो. रस्त्याकडेच्या टेम्पोतून विकतात तो स्वीट कॉर्न वेगळा, जुलैत तो सुरू होतो. आणि कुणाच्या शेतात न विचारता शिरू नका. बांधावरून हाक मारली तर बहुतेक जण स्वतः बाहेर येतात.

मृण्मयी_नेपरव्हिल

सगळ्यांचे किती आभार मानू! पूर्ण धाग्याची छपाई करून बाबांना दिलीय. त्यांनी पेन घेऊन खुणा केल्यात. पवनचक्कीला दोन, जत्रेला तीन. बारवाल्यांचं वाचून नुसते "अरे" म्हणाले आणि थोडा वेळ बोललेच नाहीत. निघतो शनिवारी.

बंड्या७७

शुभ प्रवास! राक्षसाबरोबरचा फोटो हवा.

मृण्मयी_नेपरव्हिल

मंडळी, परत आलो. सविस्तर लिहिते, कारण या धाग्याशिवाय हा प्रवास झालाच नसता.

राक्षस झाला, मुलगा त्याच्या बुटावर बसला. मन्रोचं चीज वाजलं, काकू, आईने तीनदा खाऊन खात्री केली! कॉर्न पॅलेससमोर बाबांनी एक प्रश्न विचारला आणि मी चाट पडले: "एवढे रंग वेगळे ठेवतात कसे? जवळ लावले तर परागीभवन होऊन दाणे मिसळतील. विलगीकरणाचं अंतर किती ठेवतात?" आतल्या मुलीने हसून सांगितलं की रंगवार वेगवेगळी शेतं असतात. बाबांनी मान डोलावली, "मग बरोबर."

वॉल ड्रगचं पाणी प्यायलो. तोपर्यंत वाटेत एक वाईट अनुभव आला तोही सांगते. एका मोटेलने आरक्षण असूनही रात्री दहाला खोली नाकारली. आईचा चेहरा उतरला. शेजारच्या पेट्रोल पंपावरच्या बाईंनी स्वतः चार फोन करून वीस मैलांवर खोली मिळवून दिली आणि मुलाच्या हातात केळं ठेवलं.

अण्णा, कारहेंजला संध्याकाळीच गेलो. बाबा गाड्यांपेक्षा "वडिलांसाठी केलं" यावरच थांबले. माझा नवरा आणि ते दोघंच बराच वेळ एका गाडीच्या सावलीत उभे होते.

पण मुख्य गोष्ट ही. नेब्रास्कात, यॉर्कच्या आसपास, सकाळी साडेआठला पेट्रोलला थांबलो. तिथे पिवळी स्कूलबस उभी. सुट्टीत स्कूलबस कशी? आणि आत चौदा-पंधरा वर्षांची पोरं, लांब बाह्यांचे शर्ट, हातमोजे, काहींनी दवापासून वाचायला कचऱ्याच्या काळ्या पिशव्या भोकं पाडून अंगात घातलेल्या. पलीकडच्या शेतात मका पुरुषभर. बाबा रस्त्याच्या कडेला गेले आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली, "मृण्मयी, हा बियाण्याचा प्लॉट आहे!" मला काही दिसेना. त्यांनी बोट दाखवलं. चार ओळी बोडक्या, एक तुऱ्याची, पुन्हा चार बोडक्या. "मादीचे तुरे काढलेत. नराचे ठेवलेत. आपल्याकडं हेच करतात, फक्त कपाशीला कळी सोलावी लागते."

पोरांबरोबरच्या बाई शाळेतल्या शिक्षिका होत्या, उन्हाळ्यात ही टोळी सांभाळतात. त्यांनी सांगितलं, आधी यंत्र फिरतं, यंत्रातून सुटलेले तुरे ही मुलं हाताने उपटतात. बाबा म्हणाले, "परागकण उडायच्या आत, नाही का? थोडे राहिले तरी प्लॉट नापास होतो." मी सांगितलं तसं त्या बाईंनी बाबांकडे नीट वळून पाहिलं आणि विचारलं, यांनी किती वर्षं केलंय हे? पंधरा म्हटल्यावर त्यांनी पोरांना बोलावलं. मग बाबांनी त्यांना चिमटीत काल्पनिक बोंडकळी धरून दाखवली, संध्याकाळी पाकळ्या कशा सोलायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल कसं फिरवायचं, आणि ओळखू यावं म्हणून दोरा कसा बांधायचा. एका मुलीने विचारलं, एका दिवसात किती कळ्या? बाबा म्हणाले, माझ्या बायकोला विचारा, ती माझ्यापेक्षा जलद होती. आई गाडीतून उतरली, गुडघे विसरून.

हे कुठल्याच नकाशावर नव्हतं. गाडीवान, तो पाऊण तास होता.

एल्क हॉर्नला चक्की फिरत होती. डेमॉइनचं दालन आम्ही पोचलो त्या दिवशी बंद होतं, वार बघायची चूक माझीच. बाबांनी बाहेरून इमारतीचा फोटो काढून घेतला, जालन्यात दाखवायला. जत्रा मात्र मिळाली, आणि तिथे बाबा एका बारा वर्षांच्या मुलाच्या कालवडीच्या पाठीवरून हात फिरवून आले.

अण्णा_ओमाहा

यॉर्कच्या शेतांवरून मी चाळीस वर्षं जातोय. त्या बोडक्या ओळी मला कधी दिसल्या नाहीत. पुढच्या जुलैत थांबेन.

गाडीवान

पाऊण तास कबूल. आई एका दिवसात किती कळ्या सोलायच्या, ते लिहिलं नाहीत.

मृण्मयी_नेपरव्हिल

आई म्हणतेय, मोजत कोण बसतंय, अंधार पडेपर्यंत. :)

डेमॉइनकर, दालनाच्या वेळा तुम्ही पुन्हा एकदा तपासून सांगाल का? आई-बाबांचं परतीचं तिकीट २ सप्टेंबरचं आहे. आणि बंड्या, कॉकर सिटीची गुंडाळणी ऑगस्टमध्ये नेमकी कुठल्या शनिवार-रविवारी असते? आईने सुतळी आणून ठेवलीय.